मोडलेल्या मोटारीचे दान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात सेवासमितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सेवासमितीनेही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा अहवालात सविस्तर आलेला आहे. त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. त्याऐवजी, गेल्या काही काळात समितीपुढे ज्या एका प्रश्नाने ठाण मांडले होते, तो आपल्यापुढे ठेवावा असे आम्ही ठरविले. प्रश्न वरवर पाहता लहानसा आहे. अपघातात मोडलेली मोटार एखाद्या धर्मादाय संस्थेला दान द्यावी काय, आणि संस्थेने ती स्वीकारावी काय?

मंडळाची स्थापना झाली तेव्हा असा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही आला नसता. राजधानीत नोकरीनिमित्त आलेली आपली मंडळी त्या काळी बसने, सायकलीवरून, आणि फार तर स्कूटरवरून बैठकांना येत. मोटार म्हणजे ॲम्बॅसडर किंवा फियाट, आणि तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. ज्याच्या दारी मोटार होती, त्याने ती कितीही ठोकली गेली तरी दुरुस्त करून पुढे चालवावयाची, हाच रिवाज होता. डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या मारुती ८०० ची किल्ली याच दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली आणि पाहता पाहता मध्यमवर्गीयाच्या दारात मोटार आली. मोटारी वाढल्या तसे अपघातही वाढले. केंद्र सरकारच्या अहवालानुसार एकट्या २०२२ या वर्षात देशात ४ लाख ६१ हजारांहून अधिक रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजारांवर माणसे दगावली. त्या प्रत्येक आकड्यामागे जसे एक घर आहे, तसे बहुधा एक मोडलेले वाहनही आहे. घराचे दुःख आपण जाणतो. वाहनाचे पुढे काय होते, याचा विचार सहसा होत नाही.

या विषयाकडे आमचे लक्ष वळण्यास आणखी एक कारण घडले. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली अमेरिकेत स्थायिक आहेत. तेथे जुनी किंवा मोडकी मोटार धर्मादाय संस्थेला देऊन टाकण्याची प्रथा चांगलीच रुजलेली आहे. संस्थेचा माणूस येतो, गाडी ओढून नेतो, पावती देतो, आणि ती पावती आयकरात उपयोगी पडते. मुलांकडे जाऊन आलेले आईवडील ही हकिगत कौतुकाने सांगतात आणि विचारतात, की आपल्या मंडळाने असे काही का करू नये? त्या सूचनेत सद्‌भाव आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्या देशातही ही व्यवस्था निर्वेध चाललेली नाही, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ साली या विषयावर एक अहवाल सादर केला. २००० या करवर्षात सात लाखांहून अधिक करदात्यांनी वाहनदानाबद्दल सवलत मागितली होती. अहवालकर्त्यांनी ५४ वाहनांचा मागोवा शेवटपर्यंत घेतला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश वाहनांच्या बाबतीत असे आढळले, की दात्याने जे मूल्य कागदावर दाखविले होते, त्याच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली. उरलेले मूल्य काही अंशी लिलाव, वाहतूक आणि मध्यस्थ यांच्या खर्चात जिरले होते. आणि काही अंशी ते मुळात अस्तित्वातच नव्हते, दात्याने ते फुगवून लिहिले होते. आपल्याकडे यालाच आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. पुढे २००४ साली तेथील कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५ पासून नवा नियम लागू झाला. दात्याने ५०० डॉलरांहून अधिक सवलत मागितली आणि संस्थेने ते वाहन तसेच विकून टाकले, तर विक्रीतून जी रक्कम प्रत्यक्ष आली, तेवढीच सवलत. संस्था ते वाहन स्वतःच्या कार्यासाठी खरोखर वापरणार असेल, त्यात मोलाची सुधारणा करणार असेल, किंवा एखाद्या गरजूला अत्यल्प किमतीत देणार असेल, तरच बाजारभावाचा विचार व्हावयाचा.

या नियमाचे मर्म आपण ध्यानी घ्यावे. दानाचे मोल देणाऱ्याच्या मनात काय आहे यावर ठरत नाही. घेणाऱ्याच्या हाती काय पडले, यावर ते ठरते. हे तत्त्व त्या देशाने कायद्यात लिहिले २००४ साली. आपल्याकडे ते उपनिषदकाळीच सांगून झालेले आहे. कठोपनिषदातील नचिकेताची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. सर्वस्वाचे दान करावयाच्या यज्ञात पिता ज्या गाई दान देत होता, त्यांनी प्यावयाचे पाणी पिऊन झाले होते, खावयाचे गवत खाऊन झाले होते आणि द्यावयाचे दूध देऊन झाले होते. अशा गाई ज्याच्या दारी जातील त्याच्या पदरी चारापाण्याचा भार तेवढा पडणार, हे त्या मुलाने ओळखले आणि तो अस्वस्थ झाला. यमाच्या दारापर्यंत गेलेल्या त्या थोर संवादाचा आरंभ एका निरुपयोगी दानापासून झाला, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो.

आता आपल्या देशातील वस्तुस्थितीकडे वळू. आपल्याकडे आयकरात धर्मादाय देणगीवर जी सवलत मिळते, ती पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीवरच मिळते. वस्तूरूप दानाला ती लागू नाही. तेव्हा मोटार देऊन कर वाचविण्याचा मोह येथे संभवत नाही, ही एका अर्थी इष्टापत्तीच म्हणावयाची. परंतु इतर अडचणी पुष्कळ आहेत.

पहिली अडचण मालकीची. मोटारीचे नुकसान फार मोठे असेल आणि दुरुस्तीचा खर्च विम्यात घोषित केलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी सर्वसाधारणपणे ते संपूर्ण नुकसान मानते. त्यानंतर दोन मार्ग असतात. एक तर कंपनी भरपाई देऊन मोडलेले वाहन आपल्या व्यवस्थेने निकालात काढते. किंवा अवशेषाची किंमत भरपाईतून वजा करून ते वाहन मालकाकडेच राहू देते. पहिल्या मार्गाने गेलेल्या वाहनावर मालकाचा हक्क उरत नाही. कर्जाची नोंद नोंदणीपत्रावर असेल, तर बँकेच्या संमतीवाचून ते कोणास देता येत नाही. हप्ते थकलेली मोटार उदारपणे संस्थेला देऊ करणारे सद्‌गृहस्थही आम्हांस भेटले आहेत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची कला जुनीच आहे.

दुसरी अडचण नावाची, आणि ती अधिक गंभीर आहे. पुष्कळांची समजूत अशी असते, की किल्ली आणि कागद दिले, छायाचित्र काढले, की दान पुरे झाले. कायदा तसे मानीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमान्वये, एकाच राज्यात हस्तांतर झाले असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने ठरलेले आहेत. कर्जाची नोंद उतरविण्यासाठी ३५ क्रमांकाचा. हे न करता दिलेल्या वाहनाने पुढे कोणास धडक दिली, तर भरपाईचे उत्तरदायित्व कोणाचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निर्णयात हे निःसंदिग्धपणे सांगितले, की नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे, तोच मालक. त्या प्रकरणात मोटार एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंद मात्र पहिल्याच नावावर राहिली होती. जे विक्रीला लागू, तेच दानाला. दिलेली वस्तू आपल्या नावाने रस्त्यावर हिंडत असते आणि आपण पुण्य पदरी पडल्याच्या समाधानात असतो.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. मोडलेल्या मोटारीचा पत्रा कवडीमोलाचा असला, तरी तिच्या कागदपत्रांना काळ्या बाजारात किंमत असते. तीच जात, तोच रंग असलेली चोरीची गाडी आणून तिच्यावर मोडक्या गाडीचा क्रमांक चढवावयाचा, हा धंदा पोलिसांनी अनेकदा उघडकीस आणला आहे. म्हणूनच कायद्याच्या ५५ व्या कलमात असे म्हटले आहे, की वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निरुपयोगी झाले, तर मालकाने १४ दिवसांत अथवा शक्य तितक्या लवकर तसे कळवून नोंदणीपत्र परत करावे. हे कलम किती जणांस ठाऊक असेल, याविषयी आम्ही साशंक आहोत.

तिसरी अडचण जिवाची. आजची मोटार जुन्या ॲम्बॅसडरसारखी नाही. धडकेचा आघात प्रवाशांपर्यंत पोहोचू नये, म्हणून तिचा पुढचा भाग मुद्दाम चेपला जाईल असा बनविलेला असतो, आणि तो आपले काम एकदाच करतो. हवेची उशी एकदा फुगली, की ती पुन्हा घडी करून ठेवता येत नाही. तिच्याबरोबर तिला आज्ञा देणारी यंत्रणाही तपासून बदलावी लागते. पट्टा क्षणार्धात आवळणारी कळही एकदाच चालते. कारागीर पत्रा ठोकून सरळ करील, रंग असा देईल की ओळखू येऊ नये. परंतु दुसऱ्या धडकेत ती मोटार पहिल्यासारखी वाचवील, अशी हमी तो देऊ शकत नाही. आपल्याकडे म्हण आहे, ‘धर्माची गाय आणि दात का नाय’. फुकट मिळालेल्या वस्तूची खोड काढू नये, असा तिचा भाव. गाईच्या बाबतीत ती खरी असेल. मोटारीच्या बाबतीत मात्र दात मोजलेच पाहिजेत, कारण तिच्यात बसणारा माणूस दुसऱ्याच्या भरवशावर बसतो.

आपण टाकलेल्या वस्तूचे पुढे काय होते याची चौकशी न केल्याने काय ओढवते, याचा दाखला याच दिल्लीत आहे. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील, अनेक वर्षे न वापरलेले एक उपकरण २०१० साली भंगार म्हणून लिलावात गेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले. अनेक जण किरणोत्साराने आजारी पडले आणि एका कामगाराला प्राण गमवावा लागला. मोटारीचा धोका तेवढा भयंकर नसेल. परंतु तिच्यातही विजेरीतील शिसे आणि आम्ल असते, तेल असते, शीतक वायू असतो. आपल्या अंगणातून गेले म्हणजे संपले, असे म्हणता येत नाही. ते कोणाच्या तरी उघड्या हातांत जाते.

हे सारे विवेचन कोरडे वाटण्याचा संभव आहे. म्हणून ज्या प्रसंगाने आम्हांस या विचारास प्रवृत्त केले, तो त्या कुटुंबाच्या संमतीने, परंतु नाव न घेता सांगतो.

आपल्या मंडळाचे एक जुने सभासद आग्र्याहून परतताना, हिवाळ्यातील दाट धुक्यात, रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर मोटार आदळून निधन पावले. विम्याचे सोपस्कार मुलाने पुरे केले आणि मोडलेली गाडी घरच्या आवारात आणून ठेवली. दोन महिन्यांनी काकू आमच्याकडे आल्या. त्या म्हणाल्या, “ती दारात दिसली की मला घरात शिरवत नाही. पण यांनी हप्ते भरभरून ती घेतली होती. भंगारवाल्याने तिचे तुकडे करावेत, हे मला सोसणार नाही, आणि तिचे पैसे घेणे तर त्याहून नाही. तुम्ही ती नीट करून घ्या आणि वृद्धाश्रमाला रुग्णवाहिका म्हणून द्या.”

बंधुभगिनींनो, या विनंतीला नकार देणे सोपे नव्हते. समितीत दोन मते पडली. काहींचे म्हणणे असे, की दुःखी माणसाचा शब्द खाली पडू देऊ नये; दुरुस्तीचा खर्च वर्गणीतून करावा, आणि महोत्सवी वर्षात मंडळाच्या नावाची रुग्णवाहिका झाली तर ते भूषणच ठरेल. दुसरा पक्ष म्हणाला, आधी तपासून पाहू. तपासणीत छताचा खांब वाकलेला आढळला. पुढच्या दोन्ही उश्या फुटलेल्या होत्या. कर्ज भरपाईतून फिटले होते, तरी बँकेची नोंद उतरलेली नव्हती. शिवाय रुग्णवाहिकेच्या रचनेसाठी एआयएस-१२५ हे राष्ट्रीय मानक आहे. घरगुती मोटारीवर दिवा बसविला आणि लाल अक्षरे रंगविली, म्हणजे रुग्णवाहिका होत नाही.

त्यानंतर आम्ही वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांस जाऊन भेटलो. त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, “मोटार दिलीत तर तिला चालक हवा, विमा हवा, इंधन हवे, जागा हवी. हे सारे कोठून आणू? आमच्या दोन आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. त्यांच्या टॅक्सीच्या भाड्याची कोणी सोय केलीत, तर फार उपकार होतील.” भीक नको पण कुत्रा आवर, असे त्यांनी म्हटले नाही, ही त्यांची सभ्यता. पन्नास वर्षे सेवा करणाऱ्या मंडळास त्या एका वाक्यात पुष्कळ शिकण्यासारखे होते. काय हवे आहे, हे त्यांना त्याआधी कोणीच विचारले नव्हते.

काकूंना हे सांगावयास आमच्यापैकी दोघे गेले. गाडी रस्त्यावर पुन्हा आणणे योग्य नाही, असे सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे तिचा कोणालाच उपयोग नाही का?” त्या प्रश्नाने आम्हांस वाट दाखविली. एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार-यांत्रिकीचा वर्ग चालतो. तेथील मुलांना प्रत्यक्ष उघडून पाहावयास, जोडावयास, बिघाड शोधावयास वाहन लागते. त्यासाठी ते रस्त्यावर धावणारे असण्याची आवश्यकता नसते. संस्थाप्रमुखांनी लेखी मागणी केली. बँकेची नोंद उतरविली, वारसाचे कागद पुरे केले, परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द करून घेतली आणि मगच ते वाहन शिक्षणसाधन म्हणून दिले. ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही आणि उपयोग संपल्यावर अधिकृत भंजन केंद्राकडे जाईल, असे संस्थेने लिहून दिले आहे. या साऱ्याला चार महिने लागले. वृद्धाश्रमातील दोन आजोबांच्या प्रवासाचा खर्च समितीने आपल्या निधीतून उचलला. त्यात पहिली रक्कम काकूंच्या मुलाने घातली.

काकू ती गाडी पाहावयास कधी गेलेल्या नाहीत, आणि आम्हीही त्यांना तसे सुचविलेले नाही.

या अनुभवावरून सेवासमितीने काही नियम ठरविले असून ते सभेच्या मान्यतेसाठी ठेवीत आहोत. मंडळाने कोणतेही अपघातग्रस्त वाहन स्वतःच्या नावे स्वीकारू नये. कोणी देऊ केल्यास प्रथम मालकी, कर्ज, विमा आणि थकलेले दंड यांची कागदपत्रे पाहावीत. रस्त्यावर पुन्हा आणण्याजोगे वाहन असेल, तर त्याची जाणकाराकडून लेखी तपासणी करून घ्यावी, घेणाऱ्या संस्थेची लेखी मागणी घ्यावी, आणि नाव बदलल्याखेरीज किल्ली देऊ नये. तसे ते नसेल, तर प्रशिक्षण संस्थेस विचारावे. तेथेही नको असेल तर २०२१ च्या नियमांनुसार नोंदलेल्या भंजन केंद्रात द्यावे. अपघातात निकामी झालेली वाहने या केंद्रांत घेतली जातात, असे त्या नियमांतच आहे. तेथून मिळणारे ठेव-प्रमाणपत्र जपून ठेवावे, आणि पैसे येतील ते धनादेशाने इच्छित संस्थेस द्यावेत. भंगाराची किंमत नव्या मोटारीच्या मानाने अल्पच असते. परंतु आलेला प्रत्येक रुपया संस्थेच्या उपयोगी पडतो, आणि तो घेताना तिच्यावर कसलाही भार पडत नाही.

आणि शेवटचा नियम, जो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. देण्यापूर्वी घेणाऱ्यास विचारावे. भगवद्‌गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितलेले आहेत, आणि सात्त्विक दानाच्या लक्षणांत देश, काळ आणि पात्र यांचा विचार आहे. पात्र म्हणजे केवळ योग्य माणूस, असा अर्थ आपण घेतो. त्या पात्रात आपण घालू ते मावेल काय, त्याला ते पेलेल काय, हाही विचार त्यात आला पाहिजे.

नको झालेली वस्तू देण्यात काही गैर आहे, असे आमचे म्हणणे नाही. अपघातानंतर घरात जे ओझे उरते, ते दूर व्हावे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते कोणाच्या तरी उपयोगी पडावे असे वाटणे हे तर माणसाच्या चांगुलपणाचे लक्षण आहे. मात्र ते ओझे आपल्या खांद्यावरून उतरवून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवले, तर त्यास दान म्हणता येणार नाही. ज्याला चार महिने कार्यालयांच्या पायऱ्या झिजविण्याचा कंटाळा नाही, त्याने अवश्य द्यावे. तो कंटाळा ज्यांना येईल, त्यांच्यासाठी आपल्या मंडळाची सेवासमिती आहे. पायऱ्या आम्ही झिजवू; आपण फक्त कागद सांभाळून ठेवा.